कोपऱ्यातलं सगळं

बेनोड्यात, मामांच्या संत्र्याच्या शेडवर माझी खोली.
मीही पेट्याच भरते,
कुणीतरी लिहिलेला सर्व्हर घडी घालून पॅकेजमध्ये बसवते
आणि वर एक चिठ्ठी खोचते,
उतरवल्यावर काय कुठं मांडायचं त्याची.
ती चिठ्ठी रूट वाचतो.
रूट म्हणजे ज्याला कुठल्याच दाराशी
कोण रे तिकडं, असं कुणी विचारत नाही.

खाली आंबियाचा माल सुरू आहे, जिन्यापर्यंत तणसाचा वास.
मामांचा नेम जुना:
संध्याकाळी टिनाच्या कोपऱ्यात जे पडलं असेल,
मऊ फळ, फुटकी फळी, झाडझूड,
ते उकंडरावाच्या घरी पोचवायचं
शेडच्याच मेटाडोरनं.
ड्रायव्हर बघत नाही. बघायचं ठरलेलंच नाही.

परवा लाइन गेली.
चहा ओतता ओतता उकंडराव म्हणाले,
"एक इचारू का बाई?
समजा, मी कोपऱ्यात संत्रं ठेवलंच नाई,
निरा कागद ठेवला
का माल तिकडं मालकाच्या कपाटात हाये,
तं हा डायवर कपाट आनून देईन काय मले?"
आणि आपल्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसले.

मीही हसले.
मग कप तसाच राहिला.

सहा वर्षांपूर्वीची माझी ओळ, रात्री दोनला लिहिलेली:
लॉगच्या फोल्डरात जे जे असेल
ते सगळं त्या गड्याच्या नावे कर.
गडी म्हणजे सर्व्हर चालवणारा वापरकर्ता,
ना पासवर्ड, ना लॉगिन,
एवढा एक फोल्डर सोडला तर मालकीचं काही नाही.
त्याच्या अंगात उद्या कुणी शिरलं
तर लॉगच्या जागी एक लिंक ठेवेल,
तिचं बोट पासवर्डांच्या फाइलीकडे.
पुढच्या अपडेटला रूट उठेल
आणि सगळ्या घराचं कपाट
स्वतः उचलून गड्याच्या दारात ठेवून येईल.
कुलूप शाबूत. कुत्रंसुद्धा भुंकणार नाही.

इन्व्हर्टरच्या उजेडात ओळ बदलली:
लिंक दिसली तर हात लावू नकोस.
बदलांच्या नोंदीत लिहिलं,
चूक माझी, प्रणिता बेलसरे.
शोधणाऱ्याच्या जागी
उकंडराव घावडे लिहून बराच वेळ बघत बसले.

सकाळी त्यांना सांगितलं, तुमच्यामुळं सापडलं.
त्यांनी आधी जिन्याकडं पाहिलं.
"मालकाले नका सांगजा बाई.
कोपऱ्यापाशी पोरगं बसवन मोजाले.
मंग माह्या घरी काय येईन?"

संध्याकाळी मेटाडोर निघाला,
ताडपत्रीखाली काय, कुणी पाहिलं नाही.
मी वरून पाहत होते.
हे एक भोक मला माहीत आहे
आणि मी ते बुजवलेलं नाही.