वरच्यावर

आमच्या बेटावर धावपट्टी दिवसातून दोनदा बुडते.
ओहोटी लागली की समुद्र ती परत करतो,
जरा ओली, वर चार शिंपले जास्तीचे.
मग ऑइरिगबाई पिवळा कोट चढवतात,
काठीने खेकडे हाकलतात
आणि ग्लासगोच्या विमानाची वाट बघतात.
तिकीट तपासणं, सामान तोलणं, आगीचा बंब
आणि बटाट्याचं सूप, सगळी खाती त्यांचीच.
विमानशास्त्रही.

मंगळवारी एक पाहुणा अभियंता अडकला होता.
वेळ जावा म्हणून त्याने कागदी रुमालावर पंख काढला,
वरून फुगीर, खालून सपाट.
वरची हवा घाईची, खालची हवा निवांत,
म्हणून खालची वर ढकलते, म्हणाला.
"निवांत माणसं ढकलतात कधी कुणाला?
आमच्या पोस्टात या एकदा,"
असं म्हणत बाईंनी त्याच रुमालाने
टेबलावर सांडलेलं सूप पुसलं.

"आता ऐका.
वजन असतं ते जिवाला.
विमान पळू लागलं की माणूस जीव मुठीत धरतो.
म्हणजे जीव गेला मुठीत,
आसनावर उरलं काय?
एक कोट आणि अर्धं सँडविच.
एकोणीस माणसं, अडतीस मुठी.
वैमानिकाच्या मोजायच्या नाहीत, तो पगारी आहे.
त्यात प्रत्येक जण खुर्चीचे दांडे धरून वर ओढतो,
यालाच हातभार लावणं म्हणतात.
मग पोटात गोळा येतो.
येतो कुठून? खालून. निघतो कुठे? वर.
एकोणीस गोळे एकदम वर निघाले
तर पत्र्याची काय बिशाद खाली राहायची!"

अभियंत्याने घसा साफ केला.
"आणि रिकामं विमान? ते कसं उडतं?"
बाईंची पळी क्षणभर पातेल्यावर थांबली.
"रिकामं असतं, म्हणून हलकं."

कोपऱ्यातून लाखलन शिंपलेवाल्याने हरकत घेतली.
त्याचा पंथ वेगळा, मांजरपंथ.
"अंगण ओलं असलं की छपरावरून मांजर उतरतं का?
नाही. बसतं वर, शेपटी हलवत.
खाली पाणी आहे म्हणून विमान वर आहे.
वाळू सुकू दे, येईल आपोआप."
तीस वर्षांची निरीक्षणं त्याच्या बाजूने होती,
आणि अभियंत्याच्या बाजूने
सूप प्यायलेला एक रुमाल.

पावणेचारला आवाज आला.
पाणी अजून हटलं नव्हतं.
विमान एक फेरी मारून गेलं.
दुसरी.
ढगात शिरलं, आणि आवाज तेवढा राहिला.

बाहेर, जिथवर वाळू उघडी होती तिथवर,
टॉरमोड उभा होता गमबूट घालून,
टोपी हातात, मान वर.
त्याची मारसाली डोळ्याचं ऑपरेशन करून येत होती.
सूप नेऊन दिलं, त्याने घेतलं,
आणि ते हातातच गार झालं.
लाखलनने विचारलं, "काय रे, तुझं मत काय,
मुठी की मांजर?"
टॉरमोड काही बोलला नाही.

खिडकीशी बाई हळूच म्हणाल्या,
"बघितलंत? घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.
सगळे म्हणतात, विचारत कुणी नाही
की त्या टांगणीला दुसऱ्या टोकाला काय लटकलेलं असतं."
अभियंता हसायला गेला.
मग तोही काचेला कपाळ टेकवून
वर बघत राहिला.
त्याचं तर कुणीच येणार नव्हतं विमानात.

चार वाजून दहा मिनिटांनी उतरलं,
दोन्ही बाजूंना पाणी उडवत, बदकासारखं.
मारसाली आली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी,
दुसऱ्याने नवऱ्याला न्याहाळत.
"मान काय झाली तुझी?"
"वारा लागला," टॉरमोड म्हणाला.
ती खाली यायला रात्र झाली.

बाईंनी बंब मागे घेतला
आणि वहीत लिहिलं,
विमान उतरलं. सूप संपलं.
पुढची भरती सव्वासहाला.