पुस्तिकेत लिहिलं नाही

लग्नाच्या दिवशीच तिला नाव मिळालं: माखोत्सो,
खोत्सोची आई.
आमच्या बासोथोंत असंच. मूल आधी नावात येतं,
पोटात मागाहून.
खोत्सो म्हणजे शांती.
म्हणजे त्या घरात रोज शांतीच्या आईलाच हाक जाते,
पाणी आण, शेण्या लाव,
कुठे होतीस इतका वेळ.

जुलैत आली, गाढवावर बसून.
मालूतीच्या डोंगरांवर बर्फ.
लोकरी ब्लँकेट छातीशी पिनेनं घट्ट,
मागून सासू, पायी.

मी टेप लावली.
सत्तावीस आठवडे. पोट तेवीस सेंटिमीटर.
गेल्या खेपेलाही तेवीसच.
गर्भाशय श्वास रोखून बसतं का,
हे मला सुईणींच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणाली, पायऱ्यांवरून घसरले.
तिचं गाव मला ठाऊक आहे.
सगळी घरं गोल, मातीची, वर गवत.
उंबरा सोडला तर
चढाय-उतरायला काहीही नाही.

डोहाळे? मी विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
छताच्या पत्र्याकडे बघत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली,
आतून लागणाऱ्या कडीचे.

दवाखान्याची पुस्तिका बाईच्याच पिशवीत असते.
घरी गेली की तो वाचतो.
खाणीतलं काम सुटल्यापासून
त्याला वाचायला दुसरं काही नाही.
म्हणून मी लिहिलं: रक्त कमी. लोहाच्या गोळ्या. विश्रांती.
बरगडीखालचा हिरवट-पिवळा, आठ दिवसांचा.
कानामागचा निळा, दोन.
हा हिशोब मी मनात ठेवला.

लाकडी कर्णा पोटावर टेकवला, कान लावला.
एकशे चाळीस, नीट, एका लयीत.
तेवढ्यात अंगणात घोडा थांबला.
तिची बोटं खाटेच्या कडेला आवळली
आणि आतले ठोके धावत सुटले.
घोडा भलत्याचाच होता, मेंढ्यांच्या औषधासाठी आलेला.
तो गेला.
ठोके खाली यायला मात्र वेळ लागला.

सासू न बोलावता आत आली.
बाही वर केली. कोपर वाकडं जुळलेलं.
"हे तो पोटात असताना," म्हणाली.
तो म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही,
तिनंच सुनेकडे हनुवटी केली. हिचा नवरा.
मग बाही खाली ओढून, जणू बाजारभाव सांगतेय अशी:
"हिला ठेवून घे. मी सांगेन, वाटेत बर्फ आहे."
बर्फ तर त्या दुपारी वितळायला लागला होता.

दवाखान्यामागे वाट बघणाऱ्या आयांची खोली आहे,
आठ खाटा, एक चूल.
नियम असा, फक्त शेवटचा महिना.
मी पेन घेतलं.
सत्तावीसचे छत्तीस केले.
माझी पहिली खोटी नोंद, असं मी तेव्हा म्हटलं.
आता आधीच्या पानांकडे बघते
आणि तसं म्हणवत नाही.

पाच आठवड्यांनी कळा.
कागदावर दिवस उलटून गेलेले,
खरे बत्तीसच.
लोक म्हणाले, मोकळी झाली.
मुलगी. दीड किलो,
साखरेच्या पिशवीपेक्षा थोडी जड,
रडण्याआधी कपाळाला आठी घातलेली.
आईच्या उघड्या छातीवर बांधली,
वरून तेच ब्लँकेट, तीच पिन.
सासू मक्याचं पीठ घेऊन आली,
नातीला नावानं हाक मारली एकदा, हळूच,
आणि अंधाराआधी निघून गेली त्याच घरी.

खोलीला कडी आहे. आतून.
माखोत्सो रात्री उठते, बाळाखाली एक हात धरून,
दुसऱ्यानं कडी चाचपते, परत आडवी होते.
रात्रपाळीला मी मोजते, सवयच ती.
परवा दोनदा.
काल चारदा.
कुणाचा तरी घोडा आला होता.