जरा, राका

फैजपूरच्या स्टँडसमोर माझं मेडिकल.
मे महिना. दुपारी शटर ओढताना हात भाजतो,
कुत्री केळीच्या बागांत शिरलेली.

उखर्डूमामा महिन्याच्या गोळ्या न्यायला येतो,
सोग्याच्या गाठीत सुटे पैसे.
उजव्या हाताला चारच बोटं.
बाराव्या वर्षी, वड्री शिवारात,
केळीच्या वाळल्या पानांखाली फुरसं होतं.
आधीची पोरं जगली नाहीत म्हणून
आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलेलं;
त्या दिवशी नाव कामी आलं.
अंगठ्यावर भागलं.

पट्टी कापता कापता मी सांगितलं,
मामा, ही गोळी एका सापामुळे सापडली.
ब्राझीलचा साप. तो चावला की रक्ताचा दाब
दोर तुटल्या बादलीसारखा खाली जातो.
यात विष नाही. विषाची नक्कल आहे,
कारखान्यात केलेली.
'नाव काय हाये त्याचं?'
जराराका.

त्यानं ते तोंडात घोळवलं, खांडासारखं.
'जरा,' म्हणाला. पोथ्या ऐकून तयार झालेला कान.
मग थांबून, 'राका.'
म्हातारपण आणि पुनव.
'तिकडे केळी हायेत का?'
आहेत.
'मंग तो असनारच.'

मी त्या खळग्याचंही सांगितलं:
डोळा आणि नाकपुडीच्या मधे, ज्वारीच्या दाण्याएवढा,
त्यानं अंधारात उंदराची ऊब दिसते.
मामा रस्त्याकडे पाहत राहिला.
डांबर पाघळलेलं,
रिक्षाचं चाक चिकटत, सुटत गेलं.
'इथं आणला तर आंधळा व्हईल बापडा.
मेमधी इथं गार कोन हाये?
उंदीर, धोंडा, मानूस, समदं एकच.'

डॉक्टर म्हणतात गोळी बदलू,
हा कोरडा खोकला तिचाच.
मामी सांगते, रात्री धाब्यावर खाटा टाकतो,
सातपुड्याकडून वाऱ्याचा पत्ता नसतो,
आणि हे सुरू होतं: खर्र, खर्र,
फुरसं अंगावर अंग घासतं तसं.
पहिल्या रात्री तिनं बॅटरी लावून
खाटेखाली पाहिलं होतं.

नवी पट्टी मी काउंटरवर ठेवली.
मामानं ती उलटी करून पाहिली, परत सरकवली
चार बोटांनी.
'जुनीच दे,' म्हणाला,
'आवाज वळखीचा हाये.'