डावं-उजवं

शहरात नवीन कुणी राहायला आलं
की पेट्रोल भरताना, किराण्याच्या रांगेत,
एकदा तर थेट बसच्या दारात येऊन विचारलं,
"तुम्ही दोन्हीकडे जाता ना? ईस्ट चांगलं की वेस्ट?"

एकवीस वर्षं पिवळी बस चालवते मी.
सकाळी ईस्ट हायस्कूलची, दुपारी वेस्टची.
लोकांना वाटतं, हिला आतलं काही ठाऊक असणार.

ठाऊक आहे ते एवढंच:
वेस्टला पोहण्याचा तलाव आहे, आठ लेनचा,
आणि पार्किंगमधल्या मुलांच्या गाड्या
मास्तरांच्या गाड्यांपेक्षा नव्या.
ईस्टचा बॉयलर जानेवारीत खोकतो.
पण ईस्टचा रखवालदार, डेल स्टान्चॅक,
पारा उणे पंचवीसला गेला की
साडेसहालाच मागचं दार उघडतो,
नियमात नसताना.
वेस्टचं दार सात पंचवीसला उघडतं.
सात चोवीसला नाही.

थांबा, लगेच निकाल लावू नका.
त्याच वेस्टमधली एक बाई, नाव मला अजून माहीत नाही,
मागच्या हिवाळ्यात कोटाशिवाय बर्फातून धावत आली
एका पोराचा विसरलेला इनहेलर घेऊन,
बसच्या पायरीशी सपशेल घसरली
आणि बसल्या जागी हसत सुटली.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
मी रोज शितंच बघते.
भात मला कधी कुणी दाखवला नाही.

राज्याचा कागद सांगतो:
वेस्टला दहापैकी आठ, ईस्टला चार.
त्या चारात ईस्टच्या स्वयंपाकघरातली लोरेटा धरलेली नाही.
शुक्रवारनंतर नीट न जेवलेलं पोर
ती सोमवारी चालीवरून ओळखते
आणि काही न बोलता दुसरा डाव वाढते.
आणि त्या आठात तो मुलगा धरलेला नाही
जो चार वर्षं, दुपारी घरी जाताना,
फक्त ड्रायव्हरशी बोलला.

तो मुलगा माझा.

खोटा पत्ता दिला होता मी. बहिणीचा, नदीपलीकडचा.
तिच्या विजेच्या बिलावर माझं नाव चढवलं,
ऑफिसातल्या बाईनं बिल बघितलं, मला बघितलं,
आणि शिक्का मारला.
त्याला कॅल्क्युलस मिळालं.
वाढदिवसाला मात्र कुणाला बोलावता आलं नाही,
घर दिसलं असतं.
आता मिनियापोलिसला असतो, पुलांची तपासणी करतो,
पगार चांगला आहे.
थँक्सगिव्हिंगला येतो, पोटभर जेवतो,
शाळेचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागतो.
माझं बरोबर होतं का, मी विचारलेलं नाही.
भांडी फार स्वच्छ घासतो.

तर केटल स्ट्रीट.
त्या रस्त्याच्या मधोमध हद्द जाते.
डावीकडची घरं ईस्टला, उजवीकडची वेस्टला.
भाड्यात दोनशे डॉलरचा फरक, नळाचं पाणी तेच.
लेकरांत डावं-उजवं करू नये म्हणतात,
इथे मंडळानं नकाशावर पट्टी ठेवून करून टाकलं.
गाओ नू लोर डावीकडे राहते, टेस ब्रुगेमन उजवीकडे.
बालवाडीपासून एकाच बाकावर.
या सप्टेंबरपासून दोन बस.

सहा बावन्नला मी तिथे थांबते, लाल पाटी बाहेर काढते.
कायदाच आहे, पाटी उघडी असेतो
दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी जागचं हलायचं नाही.
गाओ नू बसमध्ये चढत नाही.
आधी रस्ता ओलांडते,
टेसकडून बीजगणिताची वही घेते, कालची परत करते
(वेस्ट एक धडा पुढे आहे),
मग दोघींचं काहीतरी निघतं, संपत नाही.
मागून ट्रकवाला हॉर्न देतो.
बसमधली पोरं काचेवरचं धुकं पुसून बघतात.

एका मुलाला चढायला चाळीस सेकंदं पुरतात,
माझ्या वेळापत्रकात तसं लिहिलेलं आहे.

हॉर्न पुन्हा वाजतो.
मी पाटी आत घेत नाही.