कोरी बाटली

नमुने घ्यायला निघताना रेनकोट घालायचा नाही.
हाताला क्रीम नाही, कपाळाला टिकली नाही,
कपडे जुने, सुती, सहा वेळा तरी धुतलेले.
जे शोधायला चाललोय
तेच आपल्या अंगावरून बाटलीत उतरायचं.
एवढं सोवळं मी आईच्या देवघरातही पाळलं नव्हतं.

तर अशी मी थॉर्नबेकला, यॉर्कशायरच्या तिरक्या पावसात
निथळत उभी, भाज्यांच्या वाफ्यांमध्ये.
वर उतारावर कारखाना.
आग विझवायचा फेस करत असत तिथे.
"दर शुक्रवारी तेल पेटवायचे आणि फेस मारून बघायचे,"
अर्नल्ड सग्डन सांगतो, वय एकाहत्तर,
"आम्ही पोरं कुंपणाला लटकलेली.
जुलैत बर्फ! केसांत भरून घरी न्यायचो."
आणि हसतो.
त्याच्या सात कोंबड्या माझ्या बुटांच्या नाड्या टोचतायत.
सगळ्यांना गेलेल्या मावश्यांची नावं.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही.
हाही तसाच, पाणी झटकतो, तेल झटकतो,
घावन तव्याला लागू देत नाही.
कशालाच न चिकटणारा हा
रक्ताला मात्र धरून बसतो.
कुजत नाही, आंबत नाही,
जाळायला जावं तर साधी आग त्याला पुरत नाही.

अर्नल्डच्या रक्ताचा कागद मागच्या महिन्यात आला.
हे जास्त आहे का?
सरासरीपेक्षा जास्त.
म्हणजे मी आजारी?
म्हणजे सरासरीपेक्षा जास्त, मिस्टर सग्डन.

पलीकडच्या वाफ्यात मॉरीन. तिचं थायरॉइड,
तिच्या बहिणीचं मूत्रपिंड.
ती फक्त एकच विचारते: त्याच्यामुळे?
"मुळे" हा शब्द माझ्या अहवालात चालत नाही.
"शी संबंध आढळतो" असं लिहायचं,
तेही गावभरच्या आकड्यांबद्दल,
एका बाईबद्दल नाही.
मी मान खाली घालून तिचं रुबार्ब उपटते.
मुळे हातात येतात, माती झाडून पिशवीत घालते,
वर तारीख, वेळ, खोली: वीस सेंटिमीटर.

रविवारी आईचा फोन.
विषाची परीक्षा कशाला गं बघायची?
आई, त्याचाच पगार मिळतो.

प्रत्येक फेरीला एक कोरी बाटली सोबत असते.
प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. जागेवर उघडायची,
तिथली हवा दाखवायची, बंद करायची, परत न्यायची.
ती कोरी परतली तरच बाकीच्यांच्या शब्दाला किंमत.
एप्रिलमध्ये नाही परतली.
थोडंसंच होतं, पण होतं.
पावसातून? झाकणातून? माझ्या वेणीतून?
अख्खी फेरी रद्द. पुन्हा पहिल्यापासून वाफे, पुन्हा ओढा,
पुन्हा अर्नल्डचा चहा, जो नियमात बसत नाही
म्हणून मी दर वेळी नाकारते,
आणि तो दर वेळी दोन कप मांडतो.

आज निघताना त्याने शेड उघडून दाखवली.
ट्रेवर ट्रे. अंडी. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख.
कौन्सिलचं पत्र आलंय: खाऊ नयेत.
कंपोस्टात टाकली तर मातीत जाणार,
ओढ्यात फेकली तर खालच्या गावाला,
कोंबड्या मारायच्या तर, तो म्हणतो,
एथेल मावशीला मी मारू शकत नाही.
"घालतात बिचाऱ्या रोज. त्यांना कोण सांगणार?
हे सगळं ठेवू कुठे, पोरी?"

माझ्या फॉर्मवर चौदा रकाने आहेत.
मी ट्रे मोजले. एकतीस.
एक अंडं उचलून तळहातावर धरलं,
अजून कोमट होतं,
आजचीच तारीख.