ताडपत्री

माझी पेटी पुएर्तो माँतलाच राहिली, दुसऱ्या बसच्या पोटात.
रंगीत दोऱ्या, लाकडी ठोकळे, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या,
'विश्वास' असं छापलेले चाळीस बिल्ले, सगळं तिकडे.
इकडे चिलोए बेटावर मी, ओल्या बुटांत,
आणि समोर सॅमनच्या कारखान्यातली नऊ माणसं
रात्रपाळी उतरून आलेली,
हातांना अजून बर्फाचा वास.

"काय आहे तुमच्याकडे?"
नोल्फा म्हणाली, "सरपणावरची ताडपत्री. भोक पडलेली."

चालेल, म्हटलं.
मी एरवी हेच तर शिकवते: कमीत भागवायला.
पगार घेऊन.

नऊ जणांनी वर उभं राहायचं
आणि जमिनीला पाय न लावता
ती उलटी करायची.
एवढंच.

हसले. मग उभे राहिले. मग हसू ओसरलं,
कारण ताडपत्री नऊ माणसांपुरतीच होती,
वर चिंधीही नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं एलिएसेर आणि रोसामेलबद्दल.
एकाच सरकत्या पट्ट्यावर चार वर्षं, मध्ये दोन हात अंतर,
एक मासा चिरतो, दुसरा काटे उपसतो,
आणि शब्द नाही.
संपाच्या सतराव्या दिवशी
रोसामेल फाटकातून आत गेला होता.
पोरगी आजारी होती म्हणे.
एलिएसेरच्या घशाखाली ते 'म्हणे' कधी उतरलं नाही.
छत्तीसचा आकडा. आणि उभेही तसेच,
पाठीला पाठ, अगदी कडेला.

"कोपरा दुमडा." "थांब, माझा पाय!"
"नोल्फाला उचला." "खुळे की काय, ऐंशी किलो आहे मी."
ओसिएल, सगळ्यांत धाकटा, भोकात बोट घालून म्हणाला,
"इथूनच ओढलं तर?"
आणि ओढलं,
आणि जागा उरली दीड माणसाची.
माणसं दोन.

मी घड्याळ बघायचं विसरले.

तीन आणि सहा वळले.
आधी कोण, ते दिसलं नाही, मध्ये नोल्फा होती.
एलिएसेर गुडघ्यांत वाकला. म्हणाला, "चढ."
चार वर्षांनी दोन अक्षरं.
रोसामेल चढला पाठीवर, गमबूट लोंबकळत,
आणि खालून ताडपत्री
सरकली, अडली, सरकली,
निळ्याखालची करडी बाजू वर आली,
तिच्यावर लाकडाचा भुसा, एक मेलेला कोळी.

टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या.

एलिएसेरने कंबर धरली.
"जड झालायस."
"पोरगी स्वयंपाक करते आता," रोसामेल म्हणाला.
बस. मिठीबिठी काही नाही.

माझ्या कागदावर शेवटी एक रकाना असतो:
आज काय शिकलात?
नऊ माणसं बुटांकडे बघत राहिली.
मग नोल्फाच बोलली. "आमच्याकडे घर हलवायचं तर
अख्खं घरच हलवतात, बाई.
ओंडके, बैल, आणि सगळा गाव.
माझ्या आजोबांचं तर भरतीच्या पाण्यातून ओढून नेलं,
चूल आत तशीच.
सान्तियागोत नसेल माहीत."
मी लिहून घेतलं. रकान्यात मावलं नाही.

बाहेर आभाळ खाली आलं होतं, सरपण उघडं.
दोन टोकं एकाने उचलली, दोन दुसऱ्याने.
मी बससाठी निघाले तेव्हा
ते तावातावाने भांडत होते,
कुठली बाजू वर.