हेतू : इतर

सकाळी साडेआठला, मनामातल्या या दुसऱ्या मजल्यावर,
एसीच्या घरघरीत माझं काम सुरू होतं :
लोकांच्या पैशावर संशय घेणे.
पगारी. परवानाधारक.

काल रात्री मशीनने एक नाव बाजूला काढून ठेवलंय.
महमूद हसन चौगुले, मुक्काम बाणकोट.
कुठल्याशा बंदीच्या यादीत एक महमूद हसन आहे,
चौगुले नसलेला.
साम्य सत्त्याऐंशी टक्के.
उरलेल्या तेरा टक्क्यांत
सावित्रीची खाडी, वाळत घातलेली सुकट
आणि आडनाव.

पण खरी पंचाईत नावाची नाही.
दर महिन्याच्या सहा तारखेला
सलमाबादच्या एकाच कॅम्पातले अकरा जण
चाळीस-चाळीस दिनार बाराव्याच्या वॉलेटात टाकतात.
दर महिन्याला बारावा वेगळा.
पडद्यावर हे कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं.
कुठल्या कोळ्याच्या, ते मशीनला विचारता येत नाही.

मला बघताक्षणी कळलं.
मिरजेच्या गल्लीत आई हेच चालवायची,
साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या,
शेजारचं पोर डोळे मिटून एक उचलायचं.
भिशी.
फॉर्मवर हेतूखाली एकवीस पर्याय आहेत :
घरखर्च, शिक्षण, औषधपाणी, कर्जफेड, हजयात्रा…
भिशी नाही.
मी ‘इतर’ निवडलं.
इतर म्हटलं की अहवाल लागतो.

आणि अहवाल गेला की तोंडाला कुलूप.
ज्याच्याबद्दल पाठवला त्याला सांगायचं नाही,
सुचवायचं नाही, भुवईनेसुद्धा.
म्हणून तो हेल्मेट काखेत धरून विचारतो,
“बाय, पैशे पोचले नाय अजून?”
तेव्हा मी म्हणते, “सिस्टीम स्लो आहे, चाचा.”
मराठीत खोटं बोलायला फार दिवसांनी मिळालं.
दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली.
चौकटीची, शाळकरी, कव्हरवर मोर.
अकरा वर्षांचे अंगठे आणि सह्या.
एकही घर रिकामं नाही.

त्याच संध्याकाळी हॉटेलात बोलावणं होतं.
नव्या कंपन्यांना खेळून बघायला
नियामकाने सँडबॉक्स आखून दिलाय.
इतकी वाळू असताना
वाळूची पेटी. हसू आलं, गिळलं.
एका तरुणाने अ‍ॅप दाखवलं :
बारा मित्र, ठरलेली रक्कम, दरमहा एकाचा नंबर.
“सामुदायिक बचत-वर्तुळ,” तो म्हणाला.
हिरवं बटण. दोन टक्के शुल्क.
बुडवण्याचं प्रमाण किती, कुणीतरी विचारलं.
तेवढा डेटा अजून नाही, म्हणाला.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.
खजूर चांगले होते.

आज तिसरा दिवस.
माझी अडचण सोडवावी म्हणून
तो काचेच्या भोकाशी तोंड आणून सांगतो :
“या टायमाची चिट्टी माझी नव्हतीच, बाय.
निजामाबादच्या पोराची. त्याचा सीपीआर संपलाय,
कंपनी नवा करीत नाय. म्हणून माझ्या नावानं.
बाणकोटचा भाऊ धाडील पुढं, त्याच्या आईला.”

हे मात्र खरोखरच लिहावं लागतं.
एकाचे पैसे, दुसऱ्याचं नाव, तिसऱ्याचं खातं :
प्रशिक्षणात हा धडा लाल अक्षरांत होता.
पुरवणी जोडा. वेळ. काउंटर क्रमांक.
ग्राहकाचे शब्द, जसेच्या तसे.
ग्राहकाची भाषा :
अरबी, इंग्रजी, उर्दू, हिंदी, मल्याळम, बंगाली,
इतर.

बोट तिथेच थांबलंय.
काचेपलीकडे तो मागच्या माणसाला
जरा थांब म्हणून खुणावतो, आणि मला म्हणतो,
“सावकाश करा. आमाला घाय नाय.
पोराला हाय.”